वाचाघात झालेल्या माणसाचं नैराश्य ओळखायचं कसं?

निशिगंधा

माझे वडील विट्याला शिंपीकाम करायचे. गेल्या पावसाळ्यात त्यांना पक्षाघाताचा झटका आला, मेंदूच्या डाव्या बाजूला. पाय बऱ्यापैकी सावरलाय, काठी टेकत दुकानापर्यंत जातात. उजवा हात अजून उचलत नाही आणि वाचा गेली ती गेलीच. ‘हो हो’, ‘चल’ आणि आईचं नाव, एवढंच तोंडातून येतं. समज चांगली आहे. सुरुवातीला गिऱ्हाईक आलं की कोणाचं कापड कोणत्या कप्प्यात आहे ते बोट दाखवून सांगायचे. कारागिराने काजं वाकडी केली की कपाळाला आठ्या.

दिवाळीपासून सगळं बदललंय. दुकानात बसायला चला म्हटलं की मान फिरवतात. ताट निम्म्यावर सारतात. पहाटे तीनलाच उठून बसतात. नातू जवळ गेला तरी भिंतीकडे तोंड करून पडून राहतात. व्यायाम करून घ्यायला येणाऱ्या बाईंना हात लावू देत नाहीत. आई म्हणते हट्टी झालेत. काका म्हणतात मेंदूचाच आजार, आता हे असंच चालायचं.

तपासणीला नेलं तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, “काय काका, बरं वाटतंय ना?” बाबा म्हणाले, “हो हो.” झालं, कागदावर ‘ठीक’ लिहिलं गेलं आणि आम्ही बाहेर आलो. मला ते अजिबात ठीक वाटत नाहीत. पण ज्याला बोलताच येत नाही त्याला डिप्रेशन आहे की नाही, हे ठरवायचं कसं? कोणी या वाटेवरून गेलं असेल तर कृपया लिहा.

वाणीसेवा

निशिगंधा, तुमचा संशय रास्त आहे. मी वाचा-भाषा उपचारतज्ज्ञ आहे आणि तुम्ही लिहिलेलं चित्र माझ्याकडे नेहमी येतं, बहुतेकदा फार उशिरा.

आधी त्या ‘हो हो’बद्दल. या प्रकारच्या वाचाघातात एकदोन शब्द शिल्लक राहतात आणि प्रत्येक प्रसंगी तेच बाहेर पडतात, मनात ‘नाही’ असलं तरी. पॉल ब्रोकाने १८६१ साली पॅरिसमध्ये ज्या रुग्णावरून हा आजार मांडला, त्याला ‘तान’ एवढंच म्हणता यायचं. तेव्हा बाबांचा होकार आधी पारखून घ्या. ज्याचं उत्तर नक्की ‘नाही’ आहे असं काही विचारा: “आपलं दुकान कोल्हापुरात आहे का?” त्यालाही ‘हो हो’ आलं, तर तोंडच्या होकारावर विसंबू नका. कागदावर एक बरोबरची खूण आणि एक फुली मोठी काढून त्यांना बोट ठेवायला सांगा, किंवा अंगठा वर-खाली करायला. बऱ्याच जणांना हे जमतं.

दुसरं म्हणजे, नैराश्य तपासायच्या नेहमीच्या प्रश्नावल्या सगळ्या भाषेवर उभ्या आहेत. ‘गेल्या दोन आठवड्यांत तुम्हाला किती वेळा निराश वाटलं’ हे वाक्य समजून, आठवून, त्याचं उत्तर निवडायचं, हे वाचाघात झालेल्याला कसं जमणार? म्हणून पक्षाघातानंतरच्या नैराश्यावरच्या कित्येक अभ्यासांतून या रुग्णांना वगळलंच गेलं आणि त्यांचं दुःख आकडेवारीत आलं नाही. मला याची फार चीड येते.

इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमच्या नादिना लिंकन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकात यावर वाट काढली. त्यांनी अशी प्रश्नावली केली की जी रुग्णाला नाही, सोबत राहणाऱ्याला विचारायची, आणि तीही डोळ्यांना दिसणाऱ्या वागण्याबद्दल. रडू फुटतं का, रात्र अस्वस्थ जाते का, बोलताना नजर टाळतात का, अंगदुखीची तक्रार करतात का, चिडतात का, चारचौघांत यायला नकार देतात का, काहीच न करता बसून राहतात का. तुम्ही जे लिहिलंय त्यातलं निम्मं या यादीत आहे. दोन आठवडे वहीत रोज नोंद ठेवा: झोप, जेवण, रडणं, कशाला नकार दिला, कशाने चेहरा खुलला. ती वही मनोविकारतज्ज्ञाला दाखवा.

घाटमाथा

मी थोडा वेगळा सूर लावतो, गैरसमज नसावा. ज्याची वाचा गेली, हात गेला, हातातला धंदा गेला, तो उदास होणारच. हे दुःख आहे, त्याला रोग कशाला म्हणायचं? माझ्या थोरल्या चुलत्यांना अशाच गोळ्या दिल्या होत्या, दिवसभर पेंगत असायचे. माणसाला वेळ द्यावा, माया द्यावी. आपोआप सावरतो.

मनवैद्य

घाटमाथा, प्रश्न प्रामाणिक आहे म्हणून सविस्तर लिहितो. मी मनोविकारतज्ज्ञ आहे.

दुःख होणारच, हे मान्य. पण ‘वेळ द्या’ याबद्दल फिनलंडमधला २००० साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास बघा. पक्षाघाताच्या रुग्णांना तीन महिन्यांनी आणि वर्षाने तपासलं. वाचाघात असलेल्यांपैकी ७० टक्के लोकांत तीन महिन्यांनी नैराश्य दिसलं, वर्षाने ६२ टक्क्यांत. म्हणजे जवळजवळ तेवढंच. पण त्यातलं जे तीव्र स्वरूपाचं नैराश्य होतं ते ११ टक्क्यांवरून ३३ टक्क्यांवर गेलं. नुसतं थांबून राहिल्यावर तिप्पट लोक खोल गेले. साधारण पक्षाघाताच्या रुग्णांत नैराश्याचं प्रमाण एक तृतीयांशाच्या आसपास असतं, त्याच्याशी हे ताडून पाहा.

दुःखात असलेला माणूस नातवाने गळ्यात हात टाकला तर क्षणभर तरी हलतो. निशिगंधांचे बाबा हलत नाहीत, खात नाहीत, पहाटे तीनला जागे होतात, व्यायाम नाकारतात. पक्षाघातानंतरचे पहिले महिने शरीर आणि भाषा सर्वांत वेगाने सुधारण्याचे असतात. ते नैराश्यात गेले तर नुकसान दुहेरी होतं.

निदान करताना तीन गोष्टी एकमेकींत मिसळतात. काही रुग्णांना मेंदूच्या इजेमुळे अचानक रडू कोसळतं, कोणी नुसतं नाव घेतलं तरी, आणि मिनिटभरात थांबतंही. आत तेवढं दुःख असेलच असं नाही. काहींची उमेदच मावळते: दुःखी दिसत नाहीत, पण स्वतःहून काहीच करत नाहीत. आणि तिसरं, खरं नैराश्य. तिन्हींचे उपचार वेगळे, म्हणून तज्ज्ञाने पाहायला हवं. सोबत थायरॉइड, बी-१२, रक्तातलं सोडियम आणि चालू औषधं तपासायला हवीत.

आता गोळ्यांबद्दल. तुमच्या चुलत्यांना कोणतं औषध दिलं होतं मला ठाऊक नाही, पण दिवसभर पेंगणं हा उपचार नव्हे, ते डॉक्टरांना सांगून बदलून घ्यायला हवं होतं. २०१८ साली ब्रिटनमध्ये एक मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. पक्षाघात झालेल्या तीन हजारांहून अधिक लोकांपैकी निम्म्यांना सहा महिने फ्लुऑक्सेटिन हे नैराश्यावरचं औषध आणि निम्म्यांना तशीच दिसणारी बिनऔषधाची गोळी दिली. हातपाय सुधारायला त्याचा उपयोग झाला नाही. नैराश्य कमी जणांना आलं, पण हाडं मोडण्याचं प्रमाण वाढलं. मी यातून एवढं घेतो: सरसकट कोणालाही गोळी नाही, पण ज्याला खरोखर नैराश्य आहे त्याला नाकारायचीही नाही. लहान मात्रेने सुरू करायची, गुण यायला काही आठवडे लागतात हे घरच्यांना आधी सांगायचं, आणि न्हाणीघरात धरायला दांडी बसवून घ्यायची.

शेवटचं आणि फार महत्त्वाचं. बोलता येत नाही म्हणून जीव नकोसा झाल्याचे विचार येत नाहीत, असं कोणी समजू नये. औषधांची पाकिटं आणि घरातलं कीटकनाशक तुमच्या ताब्यात ठेवा. जेवण पूर्ण बंद झालं, औषधं थुंकायला लागले, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका. केंद्र सरकारच्या ‘टेली मानस’ या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो. रुग्ण बोलू शकत नसला तरी तुम्ही बोलू शकता.

सुरंगी

वाचून राहवलं नाही. आम्ही सावंतवाडीजवळचे. माझ्या नवऱ्याला वाचाघात होऊन बराच काळ लोटला.

यांचा गोतावळा मोठा होता. देवळाचा उत्सव, दशावताराची बोलणी, कोणाच्या जमिनीचा वाद, सगळीकडे हे. आजारी पडल्यावर पहिला महिना घर भरलेलं. मग माणसं कमी होत गेली. कोणाचा हेतू वाईट नव्हता. समोर बसून काय बोलायचं कळत नाही, हे एक शब्द काढायला धडपडतात ते बघवत नाही, म्हणून येत नाहीत. जे येतात ते माझ्याशी बोलतात: “आता कसे आहेत? जेवतात का?” हे तिथेच बसलेले असताना! मला वाटतं वाचा जाण्यापेक्षा या गोष्टीने हे जास्त खचले.

उपयोग कशाचा झाला ते सांगते. यांचा एक बालमित्र आहे, मोजकं बोलणारा. तो रोज संध्याकाळी पत्ते घेऊन यायला लागला. पत्त्यांना बोलावं लागत नाही. हे डाव्या हाताने पानं लावतात, लाकडाची एक खाच पाडलेली पट्टी करून घेतली आहे त्यात पानं उभी राहतात. जिंकले की टेबलावर थाप. त्या तासाभरात हे आजारी नसतात.

दुसरं, भजन. बोलताना तीन शब्द जुळत नाहीत, पण ‘सुखकर्ता दुःखहर्ता’ पहिल्यापासून शेवटपर्यंत स्पष्ट म्हणतात. घरात सगळ्यांना वाटलं वाचा आली. तशी आली नव्हती, दुसऱ्या दिवशी पाणी मागता येईना. वाणीसेवा, हे असं का होतं?

आणि जी बाई किंवा बाप्या सांभाळतो त्याचंही कोणीतरी बघा हो. मी रात्री झोपेतून दचकून उठायचे. मलाच डॉक्टरांकडे जावं लागलं, आणि गेले ते बरं झालं.

वाणीसेवा

सुरंगी, तोंडपाठ आरती, अंक, वारांची नावं, शिव्यासुद्धा, हे सगळं मेंदू वेगळ्या वाटेने बाहेर काढतो. स्वतःचं नवं वाक्य जुळवणं हे निराळं काम. सूर आणि ताल वापरून शब्दांपर्यंत पोचवायची एक उपचारपद्धत बोस्टनमध्ये १९७३ पासून मांडली गेली आहे: छोटी, रोजच्या गरजेची वाक्यं दोन स्वरांत, डाव्या हाताने ताल धरत म्हणायची. सगळ्यांना लागू पडत नाही, पण समज चांगली आणि बोलणं अडलेलं अशांना करून बघण्यासारखी आहे. आणि भाषा सुधारो न सुधारो, भजनाच्या बारीत यांची जागा राखून ठेवा. तिथे ते बाकीच्यांच्या बरोबरीने असतात.

टोरांटोवासी

मी कॅनडात, आई इथेच माझ्याकडे. तिला वाचाघात झाल्यावर टोरांटोच्या अफेजिया (म्हणजे वाचाघात) इन्स्टिट्यूटमध्ये जायला लागलो. तिथे आधी मला शिकवलं, आईला नंतर! ऑरा कॅगन यांनी तिथे संवादाची जी पद्धत विकसित केली तिचं मूळ एवढंच: समोरच्याला सगळं कळतंय हे तुम्हाला ठाऊक आहे, हे त्याला तोंडावर सांगा. “आई, तुला काय म्हणायचंय ते तुला पक्कं माहीत आहे, शब्द अडलाय,” असं मी तिला म्हणते. पहिल्यांदा म्हटलं तेव्हा तिने माझा हात घट्ट धरला होता.

बाकीचं तंत्र साधं आहे. जाड स्केचपेन आणि कोरे कागद. एका वेळी एकच विषय, त्याचा मुख्य शब्द मोठ्या अक्षरांत वर लिहायचा. पर्याय एकाखाली एक लिहायचे आणि शेवटी ‘दुसरं काहीतरी’ हा पर्याय हवाच, नाहीतर आपणच तिला कोपऱ्यात ढकलतो. टीव्ही बंद. बोलून झालं की ‘म्हणजे तुला असं म्हणायचंय’ म्हणून खात्री करायची. आम्ही हे मराठीत करतो. आईचं इंग्रजी कामापुरतं होतं, आता तेही थकवतं. दुभाषी मिळतो का हे पहिल्याच भेटीत विचारा, परदेशातल्या सगळ्यांना माझा हा आग्रह आहे.

ऑन्टारिओतलाच एक अभ्यास २०१०चा आहे. रुग्णालयांतल्या दीर्घकालीन शुश्रूषा विभागांत राहणाऱ्या ६६ हजारांहून जास्त लोकांची माहिती घेऊन साठ आजार आणि पंधरा अवस्था जीवनमानावर किती परिणाम करतात ते मोजलं. सर्वांत जास्त फटका वाचाघाताचा निघाला, कर्करोग आणि अल्झायमरपेक्षाही. कर्करोग म्हटलं की सगळं गाव धावून येतं. याचं नावही बहुतेकांनी ऐकलेलं नसतं.

शब्दवाट

मी स्वतः. वाचाघात. बँकेत होतो. हे लिहिलं सकाळ ते दुपार. मुलगी म्हणाली सुधारू? नको म्हटलं.

लोक मोठ्याने बोलतात. कान चांगले.
लोक लहान मूल सारखं बोलतात. मी ५९.
बायको उत्तर देते माझ्या आधी. प्रेम आहे. पण राग.
शब्द माहीत. येत नाही. थांबा. दहा पर्यंत मोजा. मग मदत.

नैराश्य होतं. खूप. दोन वर्ष. गोळी घेतली. गोळी चांगली. पण जास्त चांगलं हे — मुलगी घराचे बिल, हिशोब परत मला दिले. चूक झाली तरी माझी. काम आहे. मग उठतो.

निशिगंधा, बाबा ना दुकान विचारा. दुकान चं काय करायचं. त्यांना विचारा.

वाणीसेवा

शब्दवाट, तुमचा प्रतिसाद मी माझ्या विद्यार्थ्यांना वाचून दाखवणार आहे, तुमची हरकत नसेल तर.

शब्दवाट

हो. चालेल.

मोरपंखी

एक प्रश्न. माझ्या दिरांना दीड वर्ष झालं. “जे यायचं ते सहा महिन्यांत येतं, आता खर्च करू नका,” असं सांगून थेरपी बंद करायला लावली. तेव्हापासून ते खोलीतून बाहेर येत नाहीत. खरंच आता काही होत नाही?

वाणीसेवा

होतं. वेग सुरुवातीला जास्त असतो, पण दार बंद होत नाही. जर्मनीत एकोणीस केंद्रांत मिळून झालेली चाचणी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २०१७ साली आली. पक्षाघाताला सहा महिन्यांहून जास्त काळ उलटलेले १५६ रुग्ण, आठवड्याला किमान दहा तास असा तीन आठवड्यांचा कसून उपचार. रोजच्या व्यवहारातला त्यांचा संवाद सुधारला. ‘आता काही होणार नाही’ हे वाक्य ऐकून माणूस खोलीत जाऊन बसतो यात नवल नाही. मला ते वाक्य क्रूर वाटतं.

मुंबईत नायर रुग्णालयाचा वाचा व श्रवण विभाग, वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था, पुण्यात भारती विद्यापीठाचं या विषयाचं महाविद्यालय, अशा ठिकाणी शिकवणीही चालते आणि उपचारही होतात. खाजगीत जाणार असाल तर भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी आहे का ते विचारून घ्या. गावात कोणी नसेल तर महिन्यातून एकदा शहरात जाऊन घरी करायचा सराव ठरवून आणा.

दिव्यांग प्रमाणपत्रासाठीही अर्ज करा. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात वाचा आणि भाषेचं कायमस्वरूपी दिव्यांगत्व हा प्रकार आहे आणि त्याच्या व्याख्येत वाचाघाताचं नाव स्पष्ट घेतलेलं आहे. अनेकदा फक्त हातापायाची टक्केवारी लिहून देतात, तेव्हा हे ठासून सांगा.

निशिगंधा

उशीर झाला लिहायला, क्षमस्व.

कागदावरच्या खुणेची परीक्षा केली. तोंडाने ‘हो हो’, आणि बोट फुलीवर. आई बघतच राहिली. सांगलीला मनोविकारतज्ज्ञांकडे वही घेऊन गेलो. त्यांनी वही पूर्ण वाचली, बाबांशी अर्धा तास कागद-पेन घेऊन बसले, मग औषध सुरू केलं. झोप सुधारली आहे, जेवण थोडं. चेहरा अजून बराचसा तसाच, आम्ही धीर धरलाय.

शब्दवाट काका, तुमचं ऐकून दुकानाचं विचारलं. आम्ही मागच्या महिन्यापासून मशिनी विकायचं बोलत होतो, बाबांच्या समोरच, त्यांना न विचारता. कागदावर लिहिलं: विकायच्या / ठेवायच्या / भाड्याने द्यायच्या / दुसरं काहीतरी. ‘दुसरं काहीतरी’वर बोट. मग पाऊण तास लागला. त्यांना एक मशीन ठेवायची आहे, बाकीच्या कारागिराला हप्त्याने द्यायच्या, आणि कापड बेतायचं काम स्वतःच्या देखरेखीखाली. किंमतही त्यांनीच बोटांनी सांगितली, आम्ही धरली होती त्यापेक्षा जास्त. काकांना ती पटत नाहीये, पण किंमत बाबांचीच राहणार. कारागिराशी बोलणी सोमवारी आहेत.

पाऊलखुणा

मी नवीन आहे इथे. आईला परवा झटका आला, अजून दवाखान्यात आहे. बोलत नाही. येणारे नातेवाईक सारखे विचारतात, “मी कोण? ओळखलं का? हे काय आहे, पेला म्हण.” ती रडते. काय करू?

वाणीसेवा

ते प्रश्न आजच थांबवा. येणाऱ्याने स्वतःचं नाव सांगून बसावं: “वहिनी, मी शेजारची, भेटायला आलेय.” एका वेळी एक-दोनच माणसं. वॉर्डातल्या डॉक्टरांना विचारा की गिळण्याची तपासणी झाली का, त्याआधी तोंडाने पाणीही देऊ नका. आईला चष्मा लागत असेल, कानाचं यंत्र असेल, तर घरून आणून लावा. बोलता येत नाही हे आजारामुळे आहे, बुद्धी शाबूत आहे आणि यावर उपचार आहेत, हे तिला तुम्ही स्वतः, रोज सांगा. सुट्टी मिळायच्या आधी वाचा-उपचारांची चिठ्ठी लिहून मागा. आणि मनाची नोंद करायची वही घरी गेल्या दिवसापासून सुरू करा, दिवाळीपर्यंत थांबू नका.